नियामकाची खुर्ची : ढिलाई नको, घाईही नको

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, काय व्हायचंय? उत्तरं ठरलेली असतात. उपजिल्हाधिकारी, डीवायएसपी, तहसीलदार, नाहीच जमलं तर पीएसआय. ‘अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचंय’ किंवा ‘वैधमापनशास्त्र निरीक्षक व्हायचंय’ असं छातीठोकपणे सांगणारा विरळाच. या पदांचा अर्ज बहुतेक जण ‘सोबत भरून टाकू’ म्हणून भरतात. सकाळच्या चहातलं दूध, पोराच्या खोकल्याचं औषध, पेट्रोल पंपावरचं माप, कारखान्याच्या नळातून ओढ्यात जाणारं पाणी, या सगळ्यावर नजर ठेवायची कायदेशीर जबाबदारी मात्र याच पदांवर असते.

विज्ञान, फार्मसी, अन्न तंत्रज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि सरकारी नोकरीचा विचार करणाऱ्या तरुणांसाठी हा लेख आहे. सरकारी सेवेत आधीच असलेल्यांपैकी ज्यांना नियामक संस्थांकडे वळायचंय, त्यांच्यासाठीही आहे. पदं अनेक असली तरी उदाहरणादाखल अन्न व औषध प्रशासन मध्यभागी ठेवतो, कारण या क्षेत्रातलं कामाचं गणित तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आधी काम समजून घ्या

नियामक अधिकारी तीन गोष्टी करतो. परवाना देतो, तपासणी करतो आणि नियम मोडला तर कारवाई करतो. तिन्ही वेळी त्याच्या एका बाजूला ग्राहक असतो, दुसऱ्या बाजूला व्यावसायिक. दोघांपैकी कुणाचंही वकीलपत्र त्याच्याकडे नसतं. ही खुर्ची बहुतेक वेळा दोनच कारणांनी फसते. एक ढिलाई, दुसरी घाई. दोन्हींची उदाहरणं मुंबईतच घडली आहेत, आणि या क्षेत्रात येणाऱ्यानं ती पाठ असल्यासारखी वाचावीत.

१९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं विषारी रसायन होतं. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उलगडून दाखवली आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. जिथे कुणीतरी थांबून ‘हे कुठून आलं, कुणी तपासलं?’ एवढं विचारायला हवं होतं, तिथे ते विचारलं गेलं नाही. आणि हा इतिहास जुना झाला असंही म्हणता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधानं लहान मुलं गेली, त्यातही हेच रसायन सापडलं. यातल्या कित्येक मुलांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार सुरू होते.

दुसरं उदाहरण २०१५ चं. मॅगी नूडल्समध्ये शिशाचं प्रमाण जास्त आढळल्याचं सांगून ५ जूनला केंद्रीय अन्न प्राधिकरणानं बंदीचा आदेश काढला. राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनीही आदेश काढला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं दोन्ही आदेश रद्द केले. कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती, आणि नमुने ज्या प्रयोगशाळांत तपासले त्या कायद्याला अपेक्षित अशा मान्यताप्राप्त नव्हत्या. न्यायालयानं नव्यानं चाचण्या करायला लावल्या आणि नोव्हेंबरात मॅगी पुन्हा दुकानात आली. शिशाच्या प्रश्नाआधी कार्यपद्धतीचा प्रश्न उभा राहिला आणि सरकारी बाजू तिथेच अडकली.

पुढे जे काही सांगणार आहे, ते या दोन टोकांच्या मध्ये उभं राहायला शिकण्याबद्दल आहे.

कोणत्या दारानं आत जाता येतं

राज्यात अन्न व औषध प्रशासनात अन्न सुरक्षा अधिकारी आणि औषध निरीक्षक ही दोन मुख्य पदं. वजनमापांसाठी वैधमापनशास्त्र निरीक्षक, कारखान्यांतल्या सुरक्षिततेसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातले अधिकारी, प्रदूषणासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळातले क्षेत्र अधिकारी. केंद्रात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना आणि भारतीय मानक ब्यूरो आहेत. आर्थिक क्षेत्रात रिझर्व्ह बँकेची ग्रेड ‘बी’ आणि सेबीची ग्रेड ‘ए’ भरती असते. सेबीमध्ये सर्वसाधारण शाखेबरोबर विधी, माहिती तंत्रज्ञान, संशोधन अशा वेगळ्या शाखांतूनही अधिकारी घेतात, त्यामुळे वकील किंवा संगणक अभियंत्यालाही तिथे जागा आहे. वयाची मर्यादा मात्र कडक असते, साधारण तिशीच्या आत. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षीच निर्णय घेतलेला बरा.

पात्रता : इथेच बरेच जण चुकतात

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची शैक्षणिक पात्रता केंद्राच्या २०११ च्या नियमांत दिली आहे. अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेल तंत्रज्ञान, कृषी विज्ञान, पशुवैद्यक, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी एकाची पदवी चालते. वैद्यकीय पदवीही चालते. रसायनशास्त्र असेल तर मात्र पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या केमिस्ट्रीच्या बीएस्सीवर तयारी सुरू करून दोन वर्षांनी अर्ज भरताना हे लक्षात येणारे उमेदवार दरवेळी सापडतात. त्यांनी आधी एमएस्सीचं बघावं.

औषध निरीक्षकासाठी फार्मसीची पदवी, किंवा वैद्यकीय पदवीबरोबर क्लिनिकल फार्माकॉलॉजी वा सूक्ष्मजीवशास्त्रातलं विशेष शिक्षण, असं औषध नियमावली सांगते. लस, सिरम अशा अनुसूची ‘सी’मधल्या औषधांचे कारखाने तपासायचे असतील तर किमान १८ महिन्यांचा संबंधित अनुभवही लागतो. त्यामुळे बी. फार्म. झाल्यावर एखाद्या औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काढलेलं वर्ष-दीड वर्ष वाया जात नाही. उलट बॅच रेकॉर्ड कसं भरतात आणि कुठे घाईघाईत मागाहून भरलेलं असतं, हे पुस्तकात मिळत नाही, तिथेच कळतं.

वैधमापनशास्त्रासाठी अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान, अथवा भौतिकशास्त्रासह विज्ञानाची पदवी. निवडीनंतर रांचीच्या भारतीय वैधमापनशास्त्र संस्थेत प्रशिक्षण असतं.

एक अट शिक्षणाची नाही, तरी तितकीच महत्त्वाची आहे. अन्नपदार्थांच्या उत्पादनात, आयातीत वा विक्रीत ज्याचा आर्थिक हितसंबंध आहे, त्याला अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून नेमता येत नाही. घरची डेअरी असेल आणि भागीदारी तुमच्या नावावर असेल, तर हा प्रश्न मुलाखतीपर्यंत लांबवू नका, आधीच निकालात काढा.

परीक्षेची तयारी

राज्यातली अन्न विभागातली पदं आणि वैधमापनशास्त्र निरीक्षक ही पदं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्व परीक्षेतून पुढे सरकतात. पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचा २०० गुणांचा पेपर आणि २०० गुणांचाच सीसॅट. सीसॅटमध्ये ३३ टक्के मिळाले की झालं, पण त्याच ३३ टक्क्यांनी अनेकांचा घात केला आहे. मुख्य परीक्षा विषयाची असते. औषध निरीक्षकांसाठी आयोग स्वतंत्र जाहिरात काढतो. पदसंख्या, वयोमर्यादा, अनुभव हे सगळं जाहिरातीत बघायचं. क्लासवाल्याच्या पीडीएफवर विसंबायचं नाही.

विषय मुख्य परीक्षेत गुण देतोच, पण कायदा आधीपासून वाचायला घ्या. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अमलात आला ५ ऑगस्ट २०११ ला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. दोन्ही मूळ मजकुरातून वाचावेत. कलम वाचताना वहीत तीन रकाने आखा : अधिकार कुणाला, किती दिवसांत, आणि न केल्यास काय. कायद्यातली बहुतेक कलमं या तीनपैकी एका प्रश्नाचं तरी उत्तर देतात. ही सवय परीक्षेपेक्षा नोकरीत जास्त उपयोगी पडते.

एक नमुना, चार भाग

नोकरी म्हणजे नेमकं काय, ते एका नमुन्यात पाहू. दिवाळीच्या आधीचे दिवस आहेत. तुम्ही एका मिठाईच्या दुकानात खव्याचा नमुना घ्यायला गेला आहात.

आधी ओळखपत्र दाखवायचं. मग ठरलेल्या फॉर्ममधली लेखी नोटीस द्यायची की हा खवा विश्लेषणासाठी घेत आहोत. कारवाईच्या वेळी एक किंवा अधिक साक्षीदार हजर ठेवून त्यांच्या सह्या घ्यायच्या. सणासुदीत शेजारचा दुकानदार पंच व्हायला तयार होत नाही, त्यामुळे हा प्रश्न ऑफिसातून निघतानाच सोडवलेला बरा. खव्याची किंमत रोख मोजून पावती घ्यायची. सरकार नमुना फुकट उचलत नाही.

मग नमुन्याचे चार भाग करायचे. प्रत्येक भाग स्वच्छ, कोरड्या बरणीत, बूच घट्ट, वर कागद, त्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याची (खात्यातल्या सहायक आयुक्ताची) सही आणि सांकेतिक क्रमांक असलेली चिठ्ठी, तिच्यावर लाखेचा शिक्का. दुकानदाराची सही अशी घ्यायची की ती निम्मी चिठ्ठीवर आणि निम्मी वेष्टनावर पडावी. पाकीट कुणी मधे उघडलं तर सही तुटते. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा दुकानदारानं मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाचा भाग पुढच्या कामकाजाच्या दिवशी रवाना झालाच पाहिजे.

विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा. अहवाल दुकानदाराला मान्य नसेल तर त्याला ३० दिवसांत अपील करता येतं, आणि मग नमुना संदर्भ प्रयोगशाळेत जातो. तिचा निष्कर्ष अंतिम.

खवा नुसताच कमी दर्जाचा निघाला तर प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जातं आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असुरक्षित निघाला तर फौजदारी खटला. असुरक्षित अन्नामुळे जीव गेला तर किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाखांचा दंड. म्हणजे मधल्या त्या चिठ्ठीवर, त्या सहीवर एखाद्याची जन्मठेप ठरू शकते. बचावाचा वकील पहिला हात घालतो तो इथेच. नमुना कसा ढवळून एकजीव केला, बरणी कोरडी होती का, शिक्का कुणाच्या ताब्यात होता. खवा खरोखर वाईट होता की नाही, हा प्रश्न बऱ्याच नंतर येतो.

पंचनामा लिहायला शिका

नव्या अधिकाऱ्याचा पंचनामा ओळखू येतो. त्यात लिहिलेलं असतं, ‘सदर आस्थापना अत्यंत अस्वच्छ आढळून आली.’ हे वाक्य कोर्टात कागदाच्या किमतीचंही नाही, कारण ते अधिकाऱ्याचं मत आहे. त्याऐवजी असं लिहून पाहा : ‘भटारखान्याच्या मागच्या भिंतीलगत उघडं गटार. त्यापासून अंदाजे दोन फुटांवर पाकाचं पातेलं, झाकण नाही. काम करणारे तिघे, वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र मागितलं असता एकाचंही सादर केलं नाही.’ इथे ‘अस्वच्छ’ हा शब्द कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही.

हा सराव आजपासून करता येतो. जवळच्या उपाहारगृहात चहा प्यायला बसा आणि विशेषण न वापरता दहा ओळी लिहा. जे दिसलं, मोजलं, कुणी काय सांगितलं, एवढंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही करावं लागतं. त्यामुळे पंचनाम्यात एक आणि चित्रीकरणात दुसरंच, असं झालं तर प्रकरण जागीच कोसळतं. नवी संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांची निदान जप्ती, साक्षीदार आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा ही प्रकरणं नीट वाचा.

शिडीची पहिली पायरी चढा, शेवटची नको

नव्या नोकरीत दुकानाला टाळं ठोकायची हौस असते. फोटो छापून येतो, वरिष्ठ पाठ थोपटतात. कायद्यानं मात्र पायऱ्या दिल्या आहेत. परवान्याच्या अटी मोडल्या असतील तर आधी सुधारणा नोटीस, तिला किमान १४ दिवसांची मुदत. तरी सुधारणा नाही तर परवाना निलंबित, त्यानंतरही नाही तर रद्द. लोकांच्या आरोग्याला तातडीचा धोका असेल तरच तातडीची मनाई, आणि तिचा आदेश आयुक्तांचा. कोणती पायरी का निवडली, ते फाइलवर कारणासह लिहून ठेवा. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ४२ केंद्रीय कायद्यांतल्या शिक्षा बदलल्या, त्यांत अन्न आणि औषध हे दोन्ही कायदे आले. रोख तुरुंगाकडून दंडाकडे आहे. दंडाच्या आदेशात कारणं नीट नसतील तर अपिलात तो टिकत नाही. म्हणून मुद्देसूद लिहू शकणाऱ्या अधिकाऱ्याची किंमत पुढे वाढतच जाणार.

कायदा अधिकाऱ्यालाही मोकळं सोडत नाही. सबळ कारण नसताना त्रास देण्यासाठी माल जप्त केला तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खोटी तक्रार करणाऱ्यालाही दंडाची तरतूद आहे. दोन्हींपासून वाचवतो तो तुमचाच कागद.

दबाव, हितसंबंध आणि बदली

या खात्यात फोन येतात. ‘आपलाच माणूस आहे, जरा बघा.’ अशा फोनला वाद घालून उत्तर देऊ नये. ‘साहेब, नमुना गेला आहे, अहवाल आला की बघू’ एवढं म्हणता यावं, आणि ते खरं असावं. कार्यपद्धती वेळेत पूर्ण केली की फोनचा उपयोगच उरत नाही. नमुना कपाटात पडून असेल तर मात्र दबावाला दार उघडं राहतं.

भेटवस्तू, दिवाळीची मिठाई, नातेवाइकाचं दुकान, पत्नीच्या किंवा पतीच्या नावावरचा व्यवसाय या सगळ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. रुजू होण्याच्या आठवड्यातच ते वाचा. आपल्या ओळखीतल्या आस्थापनेचं प्रकरण आलं तर वरिष्ठांना लेखी कळवून बाजूला व्हा. तोंडी सांगणं पुरत नाही.

बदल्यांचा २००५ चा कायदा सर्वसाधारण पदावधी ३ वर्षं ठरवतो. त्याआधी बदली होणारच नाही असं समजू नका, पण झाली तर तुमच्यामागे राहिलेल्या फाइली पुढच्या अधिकाऱ्याला वाचून कळल्या पाहिजेत. ही कसोटी लावून रोजची नोंद ठेवा.

पुढची वाट

अन्न सुरक्षा अधिकारी बढतीनं सहायक आयुक्त होतो आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचं काम पाहतो. परवाने, खटल्यांच्या शिफारशी आणि हाताखालच्या अधिकाऱ्यांचे नमुने त्याच्याकडे येतात. त्यापुढे सहआयुक्त. औषध शाखेची शिडीही अशीच. आयुक्तपदी सहसा भारतीय प्रशासकीय सेवेतला अधिकारी असतो. मधल्या काळात केंद्रीय प्राधिकरणात प्रतिनियुक्तीवर जायची संधी मिळाली तर घ्यावी. जिल्ह्यात नियम राबवणाऱ्याला नियम कसे घडतात ते तिथे दिसतं. विधी शाखेची पदवी घ्यायची असेल तर खात्याची परवानगी घेऊन घ्या, फायदा निवृत्तीपर्यंत होतो.

प्रशासकीय सेवेतून नियामक संस्थेकडे कसं जाता येतं, याचं मराठी माणसांना जवळचं उदाहरण म्हणजे सी. बी. भावे. १९७५ च्या तुकडीतले, महाराष्ट्र केडरचे. १९९२ मध्ये सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, त्याच सुमारास ते तिथे गेले. १९९६ मध्ये प्रशासकीय सेवा सोडून त्यांनी एनएसडीएल ही देशातली पहिली डिपॉझिटरी उभारली. कागदी शेअर जाऊन डीमॅट आलं ते यातून. २००८ ते २०११ या काळात ते सेबीचे अध्यक्ष होते. २००९ च्या ऑगस्टपासून म्युच्युअल फंडाच्या गुंतवणुकीतून कापला जाणारा प्रवेशभार बंद झाला तो त्यांच्याच काळात. ज्या संस्थेचं आधी नेतृत्व केलं, त्या एनएसडीएलच्या प्रकरणांपासून अध्यक्ष म्हणून ते दूर राहिले. ही गोष्ट तालुक्याच्या निरीक्षकालाही लागू पडते.

सेवेत असलेल्यांनी यातून एवढं घ्यावं की नियामक संस्था सेवाज्येष्ठतेबरोबर विषयाचा अभ्यास बघतात. वीज, बांधकाम, बाजार, औषध, कुठलंही एक क्षेत्र धरा आणि त्याच्या पोस्टिंगा मागून घ्या. दर दोन वर्षांनी खातं बदलणाऱ्याची ओळख दांडगी होते, पण त्याचा विषय कच्चा राहतो.

आता काय करायचं

पहिल्या महिन्यात तुमची पदवी कोणत्या पदाला चालते, ते मूळ नियमांत तपासा. पुढचे तीन महिने एक कायदा, त्याचे नियम आणि तीन रकान्यांची वही. त्याच काळात उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून मॅगीचा निकाल उतरवून घ्या आणि सलग वाचा. जड वाटेल, तरी वाचा. मग लेंटिन आयोगाबद्दल जे मिळेल ते. पूर्व परीक्षेची तयारी याच्या जोडीनं चालू ठेवा, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच नाही. जमल्यास एखाद्या अन्न किंवा औषध प्रयोगशाळेत उन्हाळी प्रशिक्षण घ्या, नमुना पोहोचल्यावर त्याचं काय होतं ते पाहा.

निवड झाल्यावर पहिल्या तपासणीला जाताना बॅगेत तीन गोष्टी हव्यात : कायद्याची प्रत, नोंदवही आणि लाख. कायद्यानं अधिकार दिलेत, वही आणि लाख ते अधिकार कोर्टात टिकवतात. यातली एकही गोष्ट विसरला असाल, तर त्या दिवशी नमुना न घेता परत या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पण दुसऱ्या दिवशी जा मात्र नक्की.